धक्क्याखालचा लाल रंग

म्हाताऱ्याने फोटो हातात घेतला, चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा नाकावर आणला आणि काही बोललाच नाही. काळजी करण्यासारखी गोष्ट होती ती हीच. एरवी या माणसाच्या तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की पाहुण्यांचा चहा गार व्हायचा, त्यांची शेवटची बस चुकायची, आणि तरी गोष्टीतला माणूस अजून होडीतून पाण्यात उतरलेला नसायचा. जन्मभर त्याने बंदरात पाणबुड्या म्हणून काम केलं. जुन्या धक्क्याचे खांब कुठे तडकलेत, कुठे पोखरलेत, ते पाण्याखाली जाऊन बघायचं आणि वर येऊन सांगायचं. खांबांबद्दल तो जे सांगायचा त्यावर बंदराचे साहेब डोळे मिटून विश्वास ठेवत. बाकी जे सांगायचा त्यावर घरात कुणी उघड्या डोळ्यांनीसुद्धा ठेवत नसे. बायकोने तर लग्नानंतर लवकरच नियम करून टाकला होता: यांचं बोलणं आलं की आधी निम्मं करायचं, मग त्यातलं चवीपुरतं घ्यायचं.

फोटो काढला होता त्याच्या लेकीने. लेक दातांची डॉक्टर. खाली दवाखाना, वर घर, आणि दोन्ही मजल्यांवर तिचंच राज्य. चाळिशी उलटल्यावर तिला बुड्या मारायचं वेड लागलं. बापाचं रक्त, दुसरं काय. पाठीवर टाकी बांधून पाण्याखाली जायचं रीतसर शिकली आणि सुट्टीचा दिवस आला की घरात थांबेना.

बापाच्या शेकडो गोष्टी दर वेळी नवा सदरा घालून यायच्या, पण एक गोष्ट मात्र वर्षानुवर्षं जशीच्या तशी होती. जुन्या धक्क्याच्या अगदी टोकाचा, समुद्राकडचा खांब. त्याची सावलीकडची बाजू. तिथे खाली तळाजवळ सगळा खांब लालभडक आहे. गंज नव्हे, कुणी फासलेला रंग नव्हे. जिवंत, फुललेला लाल. ही गोष्ट ऐकून त्याच्याबरोबरचा दुसरा पाणबुड्या एकदा भर दुपारी तिथे जाऊन आला आणि बंदरभर सांगत सुटला की तिथे राखाडी शेवाळाशिवाय काही नाही. तेव्हापासून म्हाताऱ्याचं नाव 'लालबुवा' पडलं ते कायमचं. नाव ठेवणारे रिटायर झाले, काही गेले, नाव राहिलं.

आता धक्काच पाडणार होते. महिनाअखेर मोठी यंत्रं येणार आणि खांब मुळासकट उपटणार. म्हणून लेकीने काडेपेटीएवढा एक छोटा कॅमेरा घेतला, त्या खांबापाशी बुडी मारली आणि फोटो काढून आणला. फोटोत हिरवट अंधार होता, अंधारात राखाडी खांब होता आणि खांबावर राखाडी काहीतरी लोंबत होतं.

"जागा तीच आहे," म्हातारा अखेर म्हणाला. "ही खाच बघ. ही मीच साहेबांना दाखवली होती." मग त्याने फोटो टेबलावर पालथा घातला. "असेल असंच. मागचं आठवताना माणूस रंग भरतोच थोडे."

"मी तरी काय म्हणत होते," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. पण तिला नेहमीचा टोला परत आला नाही, तेव्हा तीही हात पुसत दारापर्यंत येऊन बघून गेली.

त्या दिवसापासून घर शांत झालं. म्हातारा जेवायचा, पेपर वाचायचा, खिडकीत बसायचा. गोष्ट नाही, थाप नाही. सुंठीवाचून खोकला गेला, असं आई एकदा म्हणाली खरी, पण म्हणून झाल्यावर तिलाच करमेना. लेकीला तर पेशंटच्या दाढा उपटताना सारखं वाटत राहिलं की आपण बापाची एकुलती एक खरी गोष्ट मुळासकट उपटून आणली. यंत्रांचीसुद्धा वाट पाहिली नाही.

आपल्या हातून चूक झाली असेल हे काही तिच्या मनात आलं नाही. डॉक्टर माणूस, दोष औजाराचा. तो छोटा कॅमेरा घेऊन ती दुकानात गेली आणि काउंटरवर ठेवून म्हणाली, "हा बिघडलाय. रंग दाखवत नाही."

पाण्याखालच्या सामानाचं दुकान एक बाई चालवत होती. नाक उन्हाने सोललेलं, कानामागे पेन्सिलीच्या जागी स्क्रूड्रायव्हर. तिने फोटो बघितला आणि विचारलं, "किती खाली होतात?"

"तळापर्यंत. दुमजली घर बुडेल इतकं पाणी आहे तिथे."

"आणि दिवा?"

"दिवा कशाला? दिवसाच गेले होते."

"मग कॅमेरा ठणठणीत आहे," बाई म्हणाली. "पाणी लाल रंग पितं, मॅडम. वरून ऊन येतं ना, त्यातला लाल ते सगळ्यात आधी गिळतं. मग नारिंगी, मग पिवळा. खाली पोचेपर्यंत उरतो हिरवा आणि निळा. तिथे लालबुंद टोमॅटो नेऊन ठेवलात तरी मातकट दिसेल. कॅमेऱ्याला दिसेल तसाच तुमच्या डोळ्यांनाही."

"मग लाल दिसायचा कसा?"

"आपण बरोबर न्यायचा. पांढऱ्या दिव्यात लाल असतोच. दिवा जवळ नेऊन लावला की पाण्याला तो प्यायला वेळच मिळत नाही."

डॉक्टरीण तिथल्या स्टुलावर मटकन बसली. तिचे बाबा खांबाची चीर शोधायला जायचे. चीर शोधायची म्हणजे हातात दिवा आणि नाक खांबाला. आणि तो दुसरा, ज्याने बंदरभर बोभाटा केला, तो गेला होता भर दुपारी, नुसता बघायला. भर दुपारी दिवा कोण नेतं? डोक्यात प्रकाश पडणं म्हणतात ते हेच असावं. ती एकटीच मोठ्याने हसली, तेव्हा दुकानदारबाईने जरा बिचकून पाण्याचा ग्लास पुढे केला.

"मला सगळं द्या," डॉक्टरीण म्हणाली.

"सगळं म्हणजे?"

"कॅमेरा, दिवे, जे जे लागतं ते. आजच."

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. तिने आधी काचेच्या कपाटातल्या सगळ्यात मोठ्या कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं. त्याला पाण्यात न्यायची पेटी, हाउसिंग म्हणतात ती, दुकानदारबाईने दोन्ही हातांनी उचलून तिच्या मांडीवर ठेवली. डॉक्टरिणीच्या तोंडून 'आई गं' निघालं.

"पाण्यात हलकी होते," बाई म्हणाली, "पण बटणं मोजायला लागलात तर श्वास घ्यायचा विसराल. पहिला कॅमेरा असा हवा की डोळे मिटूनही चालवता आला पाहिजे." आणि तिने खालच्या फळीवरून एक साधा, मुठीत मावणारा कॅमेरा काढला. त्याची पेटी डब्याएवढी, आरपार दिसणारी. आतली रबरी कडी नीट बसली की पाणी आत जात नाही. नाही बसली की कॅमेरा मासे पकडायच्या कामाचा उरतो.

मग दिवे आले. दिवे बघून डॉक्टरिणीची अवस्था खेळण्यांच्या दुकानातल्या पोरासारखी झाली. हा लावून बघ, तो विझवून बघ, भिंतीवर झोत टाक, छतावर टाक. दुकानातलं मांजर उठून गेलं. फ्लॅश घ्यायचा की सतत जळणारा दिवा, यावर बराच खल झाला. दुकानदारबाई म्हणाली, "फ्लॅशने फोटो जास्त चांगला येतो, पण तो किती टाकायचा, कुठून टाकायचा, हे अंदाजाने शिकावं लागतं. तुम्हाला महिनाअखेरच्या आत जायचंय म्हणता. साधा दिवा घ्या. जे डोळ्यांना दिसेल तेच फोटोत येईल."

जे डोळ्यांना दिसेल ते. हे ऐकल्यावर डॉक्टरीण फ्लॅशकडे परत फिरकलीही नाही.

घोड्याने पेंड खाल्ली ती पुढे. लेन्सच्या भोवती कड्यासारखा बसणारा एक गोल दिवा होता. तो बघताच ती म्हणाली, "हाच. दवाखान्यात मी रोज असलाच वापरते. दाढेपर्यंत सगळं लख्ख दिसतं."

"बंदराच्या पाण्यात नाही चालणार तो. पाण्यात गाळ तरंगतो. दिवा लेन्सला चिकटून असला की मधल्या कणाकणावर उजेड पडतो आणि सरळ तुमच्याच तोंडावर परत येतो. हे दोन छोटे दिवे घ्या, या वाकणाऱ्या दांड्यांवर. दोन्ही बाजूंना लांब."

"अहो, ओली, अंधारी, अडचणीची जागा म्हणजे माझं रोजचं काम."

"तोंडात गाळ तरंगत नाही, डॉक्टर."

"माझे पेशंट तुम्ही बघितले नाहीत."

दुकानदारबाईने हात टेकले. तिने गोल दिवा दिला, आणि दोन दिवे दांड्यांसकट वेगळ्या पिशवीत घालून म्हणाली, "हे पण न्या. नाही लागले तर परत आणा. आणि एक लक्षात ठेवा: दुरून डोंगर साजरे असतील, पाण्यातलं काहीही दुरून साजरं नसतं. हात पुढे केला तर लागेल इतक्या जवळ जा."

घरी जेवणाच्या टेबलावर सगळं मांडलं गेलं तेव्हा आई म्हणाली, "एवढ्यात दवाखान्यात नवी खुर्ची आली असती." लेकीला काही ऐकूच गेलं नाही. ती बाबांपुढे उभी राहून, हातवारे करत, पाणी लाल रंग कसं पितं ते सांगत होती. टोमॅटोसकट. भर दुपारी गेलेल्या पाणबुड्यासकट.

म्हाताऱ्याने ऐकलं. मान हलवली. पण डोळ्यांत काही चमकलं असेल तर त्याने ते लगेच झाकलं. "बघ बाई," एवढंच म्हणाला.

आधी घरी चाचणी घ्यायची असं तिने ठरवलं. दवाखान्यात माशांची एक मोठी काचपेटी रिकामी पडली होती. पेशंट माशांकडे बघून शांत होतात असं तिला कुणीतरी सांगितलं होतं, प्रत्यक्षात मासेच पेशंटांकडे बघून घाबरत, म्हणून ते शेजाऱ्यांना देऊन टाकले होते. ती पेटी वर आणली, पाण्याने भरली आणि बंदराचं पाणी वाटावं म्हणून त्यात चमचाभर दूध ढवळलं. आईने दुधाच्या पातेल्यावर झाकण ठेवलं आणि ते उचलून सुरक्षित जागी नेलं. आता फोटो काढायला काहीतरी हवं होतं. शक्यतो लालसर.

"बाबा, कवळी काढा."

"का?"

"मॉडेल पाहिजे. हिरड्यांचा रंग छान गुलाबी आहे, मीच निवडलाय."

म्हाताऱ्याने मुकाट्याने कवळी काढून दिली. ती दुधाळ पाण्याच्या तळाशी जाऊन बसली, हसत. लेकीने कॅमेरा पेटीत घातला, गोल दिवा लावला, कोपरापर्यंत हात बुडवले आणि फोटो काढला. फोटोत पांढऱ्या ठिपक्यांचं वादळ होतं आणि त्यामागे कुठेतरी कवळी असावी असा संशय येत होता. तिने दिवा मंद केला. वादळ मंद झालं, कवळीही. जवळ नेला, लांब नेला, वरून धरला. दूध जास्त झालं म्हणून निम्मं पाणी बदललं. पिशवीतले दांडे समोरच होते, पण ते काढायचे म्हणजे दुकानदारबाईचं खरं ठरणार. रोज दहा तोंडांत दिवा धरणाऱ्या बाईच्या नाकाला मिरच्या झोंबायला एवढं पुरे होतं.

"बाजूनं धरून बघितलंस का?" आईने विचारलं.

"बघते गं," लेक म्हणाली आणि अखेर हात दाखवून अवलक्षण कबूल करून तिने दांडे जोडले. दोन्ही दिवे कॅमेऱ्यापासून पंख पसरल्यासारखे लांब, तोंडं किंचित बाहेर वळवलेली, की मधल्या पाण्यावर उजेड पडूच नये, फक्त त्याच्या कडा कवळीवर येऊन मिळाव्यात. ती पुढे वाकली, काच कवळीला जवळजवळ टेकवली आणि बटण दाबलं.

फोटो बघून ती उडालीच. पाणी कुठे गेलं कोण जाणे. प्रत्येक दात सुटा, हिरड्या गुलाबी, दातांमधल्या सावल्यासुद्धा जागच्या जागी. "बाबा, या दाढेला चीर गेलीय. कधी गेली?"

"परवा," म्हातारा बोळक्या तोंडाने म्हणाला. "तू ओरडशील म्हणून बोललो नाही."

आई हसली, लेक हसली, हात कोपरापर्यंत दुधाने चिकट, टेबलावर पाण्याचं तळं. मग काय, चमचा बुडव, टोमॅटो बुडव, आईची लाल टिकलीची डबी बुडव. सगळ्याचे फोटो निघाले. लेक एकेक फोटो दाखवायला बाबांकडे धावत होती आणि म्हातारा एकेक बघत होता, आणि जसजसे फोटो चांगले येत गेले तसतसा तो गप्प होत गेला. शेवटी त्याने कवळी मागून घेतली, धुतली, बसवली आणि म्हणाला, "पोरी, नको जाऊस."

"म्हणजे?"

"धक्का पाडू दे त्यांना. एकदा पाडला की मला कुणी खोटं ठरवू शकत नाही."

"खरंही नाही ठरवू शकणार."

"तेवढं चालतं मला. इतकी वर्षं चाललंच की." त्याने हातातला फोटो सरळ केला. "तू परवा दिवा न घेता गेलीस, राखाडी आणलंस. ठीक आहे, दिवा नव्हता. आता दिवा घेऊन जाशील. हा असा, इतका चांगला. आणि त्याच्यातही राखाडीच निघालं तर? मग मी कुठे जायचं? मला आता माझंच खात्रीने आठवत नाही. सांगून सांगून ते खरं झालं, की खरं होतं म्हणून सांगत होतो, काही कळत नाही बघ."

लेकीने कॅमेरा खाली ठेवला. इतका वेळ ती नव्या दिव्यांच्या नादात होती, आणि हे दिवे बापाच्या अंगावर रोखलेत हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. भीती तिलाही वाटली.

"तुम्ही नको म्हणालात तर नाही जाणार, बाबा. खरंच."

बोलली ती आई. टेबल पुसता पुसता, कुणाकडे न बघता. "जा तू. तिथे काही नसलं तर मला नवीन काही नाही. असलं तर..." तिने फडकं पिळलं आणि वाक्य तिथेच सोडलं. म्हाताऱ्याने तिच्याकडे बघितलं. जा असं तो म्हणाला नाही. पण नको असंही परत म्हणाला नाही.

बुडी मारायला तिच्याबरोबर तिचा शिक्षक येणार होता. त्याला सगळे कासव म्हणत आणि तोही ओ देत असे; जमिनीवर असो की पाण्यात, हा गृहस्थ कधी घाईत दिसला नाही. धक्का पाडणाऱ्या कंत्राटदाराची परवानगी त्यानेच काढली होती. ठरलेल्या सकाळी तो खाली गाडीत बसून राहिला आणि वर टेबलावर कॅमेऱ्याची पेटी बंद करायचा सोहळा चालला.

"ग्रीस थाप भरपूर," म्हातारा न राहवून म्हणाला. "आम्ही शिरस्त्राणाला बोटबोट फासायचो."

"नाही बाबा, याला उलट. नुसता हात फिरवायचा. जास्त झालं तर कचरा चिकटतो."

"मग पाणी जाणार आत."

"नाही जाणार."

"थांबा," आई म्हणाली आणि चष्मा न लावताच तिने रबरी कडीवरून चिमटीने एक लांब पांढरा केस उचलला. तिचाच होता. घरात कुठेही केस निघाला की तो आईला सापडणारच, आणि इतर वेळी लेक यावरून तिची चेष्टा करायची. आज तिने आईचा हात धरून दाबला, कडी पुन्हा पुसली आणि पेटीची खिट्टी लावली. खिट्टी टक्कन बसली.

टोकाच्या खांबापाशी पाणी हिरवं आणि थंड होतं. डॉक्टरीण दोरी धरून खाली खाली गेली. कासव शेजारी, नेहमीसारखा निवांत. वरचा उजेड पातळ होत गेला. खांब आला, खाच आली, सावलीकडची बाजू आली. तिने मुद्दाम दिवे न लावता आधी नुसत्या डोळ्यांनी बघितलं. राखाडी. फोटोत होतं तस्संच, लोंबणारं, मातकट, कुणालाही दया यावी असं.

तिने दिवे लावले. राखाडी जरासं उजळलं आणि राखाडीच राहिलं.

तोंडातल्या नळीतून तिचे बुडबुडे भसाभस निघाले. खरं सांगायचं तर मनातून तिला खात्री कधीच नव्हती. असती तर आत्ता इतकं वाईट वाटलं नसतं. बाबा खिडकीत बसलेले असतील. आपण वर जाऊन काय सांगणार? गढूळ होतं, दिसलं नाही, कॅमेरा बिघडला. थाप मारायचं शिक्षण घरातूनच मिळालेलं होतं, एखादी जमली असती.

मग तिला कळलं की ती घाबरून लांब थांबली आहे. चांगली चार हात लांब, वाईट बातमीपासून माणूस थांबतो तशी. दिव्याचा लाल जाता-येता पाणी पिऊन टाकत होतं. तिने एक लांब श्वास घेतला, पाय हलवले आणि पुढे गेली. अजून पुढे. हात पुढे केला तर लागेल इतकी पुढे.

आणि खांब लाल झाला.

एकदम, सगळाच्या सगळा. लाल, त्यात नारिंगी, मधेच हळदीसारखे पिवळे गोळे, आणि लालावर मऊ पोवळ्यांची बारीक पांढरी फुलं, हजारो, प्रवाहात एकाच बाजूला झुकणारी. उजेड हलवला की लाल हलायचा. उजेड जाईल तिथे राखाडीतून लाल वर यायचा आणि मागे पुन्हा राखाडी व्हायचं. ती पाण्याखाली ओरडली. शब्द काही नव्हता, नुसता आनंद होता, आणि तो बुडबुड्यांतून वर गेला. कासवाने वळून बघितलं, काय झालं म्हणून जवळ आला आणि त्या खांबापुढे असा थांबला की पाय मारायचाच विसरून हळूहळू उलटा झाला.

फोटो काढायचा आहे हे तिला थोड्या वेळाने आठवलं. मग मात्र तिने हात मोकळा सोडला. जवळून, आणखी जवळून, दिवे बाजूला, दिवे आणखी बाजूला. मोठा कॅमेरा आणला असता तर एवढ्यात बटणंच शोधत बसले असते, असंही तिच्या मनात येऊन गेलं. हवा संपत आल्याची खूण कासवाने केली, तिने दोनदा न बघितल्यासारखं केलं. तिसऱ्यांदा त्याने तिच्या पाठीवरच्या पट्ट्याला धरून तिला वर नेलं. इतक्या वर्षांत त्याला घाई करताना कुणी पाहिलं असेल तर ते त्या दिवशी त्या खांबाने.

घरी ती ओल्या केसांनीच जिना चढली आणि कॅमेरा टीव्हीला जोडायला बसली. घाईघाईत वायर भोकात जाईना. म्हातारा खुर्चीच्या कडेवर बसला होता. लेकीचा चेहरा बघून त्याला कळलंच असेल. आई ओट्याकडे तोंड करून उभी होती, कामात असल्यासारखी. काम काही नव्हतं.

टीव्हीचा पडदा लाल झाला.

लेकीने दुसरा फोटो लावला, तिसरा लावला. खाच दिसत होती, आणि खाचेच्या काठापर्यंत लाल आलेला होता. म्हाताऱ्याने चष्मा काढून पुसला, लावला, परत काढला. काचा स्वच्छच होत्या.

"तुला दिसलं ना?" त्याने विचारलं. "फोटोत नव्हे. तिथे."

"दिसलं, बाबा. डोळ्यांनी बघितलं. ओरडले मी पाण्यात."

"मीही ओरडलो होतो पहिल्यांदा," म्हातारा म्हणाला आणि रडू लागला. लपवलं नाही त्याने. लेक त्याच्या पायाशी जाऊन बसली, ओल्या केसांचं पाणी त्याच्या पायावर टपकत राहिलं.

आई कधी पडद्यापुढे येऊन उभी राहिली ते दोघांना कळलंच नाही. फार जवळ उभी होती, नाक लागेल इतकी. तिने एका पिवळ्या गोळ्यावर बोट टेकवलं, मग तिथून लालावर नेलं.

"हे असं होतं?"

"हे असंच."

"रोज?"

"काम त्या खांबाचं असेल तेव्हा. नसलं तरी जायचो."

"आणि घरी येऊन मला सांगायचात," आई म्हणाली. मग तिने भिंतीकडची खुर्ची ओढत आणली, अगदी त्याच्या खुर्चीला टेकवून ठेवली आणि बसली. हात मांडीवर घेतले. "अहो," ती म्हणाली, "आणखी काय होतं तिथे?"

म्हाताऱ्याने तिच्याकडे तिरकं बघितलं, यात काही खोच आहे का ते ताडत. चेहऱ्यावर काही नव्हतं. त्याने नाक पुसलं, घसा साफ केला.

"एक मासा होता," तो जपून म्हणाला. "मी खाली गेलो की तो सरकायचा आणि मला दिवा टेकवायला जागा करून द्यायचा. न चुकता. माझी वाट बघत असायचा."

असा कुठला मासा नसतो हे लेकीला चांगलं ठाऊक होतं. तिने मान खाली घातली आणि वायर गुंडाळायला लागली.

"मोठा होता का?" आईने विचारलं.